किंग क्रॅब: भरलेला पाय आणि पोकळ पाय

किंग क्रॅबचा पाय कात्रीने उघडला की आत दोनपैकी एक चित्र दिसतं. एक तर कवचाला आतून टेकलेलं, वरून लालसर आणि आतून पांढरं शुभ्र, बोटाने दाबलं तर परत वर येणारं मांस. नाहीतर अर्ध्या नळीतच संपलेला, पाणचट, दोऱ्यांसारखा सुटणारा लगदा. बाहेरून दोन्ही पाय सारखेच लांब, सारखेच लाल आणि बहुतेक वेळा सारखेच महाग. फरक पडतो तो खेकडा कुठल्या जातीचा होता, त्याने कवच कधी टाकलं होतं, बोटीवर तो शेवटपर्यंत जिवंत होता का, आणि शेवटी भांड्यात किती वेळ राहिला, यावरून. या खेकड्यावर इतके पैसे मोजायचे तर एवढं माहीत असायलाच हवं.

आधी नावाचा घोळ मिटवू. घोड्याच्या नालासारखा दिसणारा, लांब टोकदार शेपटीचा जो हॉर्सशू क्रॅब, त्यालाही इंग्रजीत पूर्वापार किंग क्रॅब म्हणत आले आहेत. तो मुळात खेकडाच नाही, कोळ्या-विंचवांच्या जवळचा प्राणी आहे. इथे त्याच्याबद्दल काही नाही. इथला किंग क्रॅब म्हणजे थंड समुद्रातला, अंगभर काटे असलेला, लिथोडिडी कुळातला प्राणी.

गंमत अशी की काटेकोर अर्थाने हाही खरा खेकडा नाही. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे जे हर्मिट क्रॅब, त्यांच्या वंशातून हे कुळ निघालं. पुरावा अंगावरच आहे. खऱ्या खेकड्याला नांग्यांची एक जोडी आणि चालायच्या पायांच्या चार जोड्या असतात. किंग क्रॅबला नांग्या धरून चारच जोड्या दिसतात. पाचवी जोडी असते, पण काडीएवढी, पाठीच्या कवचाखाली दुमडलेली. मादी तिने अंडी साफ करते. मादीच्या पोटाखालची झडप उलटून पाहिली तर ती डावीउजवीकडे सारखी नसते. शंखात वळून बसणाऱ्या पूर्वजांची ती खूण. नांग्यांमध्येही उजवी सहसा मोठी असते, फोडायच्या कामाची.

हे नुसतं कुतूहल म्हणून सांगत नाही. बाजारात अर्ध्या खेकड्याचा जो जोडलेला तुकडा मिळतो, ज्याला क्लस्टर किंवा सेक्शन म्हणतात, त्यात किंग क्रॅब असेल तर तीन पाय आणि एक नांगी असते. चार पाय आणि एक नांगी असेल तर तो स्नो क्रॅब किंवा दुसरा कुठला खरा खेकडा आहे. फसवणूक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण, आणि ती मोजायला दोन सेकंद लागतात.

जाती

लाल किंग क्रॅब, पॅरालिथोडिस कामचॅटिकस, हा राजा. पाय पसरले तर मोठ्या नराचा पसारा दीड मीटरच्या पुढे जातो आणि वजन दहा किलोपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. पण पकडीत येणारा सर्वसाधारण नर अडीच ते साडेतीन किलोचा. जिवंत असताना तो लाल नसतो, तपकिरी-जांभळट असतो. लाल रंग उकळल्यावर चढतो. अलास्कातला ब्रिस्टॉल बे, नॉर्टन साउंड, रशियाचा कामचाटका किनारा आणि ओखोत्स्क समुद्र, जपानचं होक्काइदो हे त्याचं मूळ घर. बॅरेंट्स समुद्रात तो माणसाने नेला, त्याबद्दल पुढे. पायाचं पेर जाड, मांस गोड, तंतू लांब आणि रसाळ. पाय खायचा असेल तर माझ्या मते याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

निळा किंग क्रॅब, पॅरालिथोडिस प्लॅटिपस, लाल्याचा सख्खा भाऊ म्हणावा इतका सारखा. बेरिंग समुद्रातली प्रिबिलॉफ आणि सेंट मॅथ्यू ही बेटं याची अलास्कातली ठिकाणं. जिवंतपणी पायांवर निळसर झाक असते, पण शिजल्यावर हाही लाल होतो आणि मग गोंधळ सुरू होतो. पाठ शाबूत असेल तर कवचाच्या मधोमध असलेला उंचवटा बघा. त्यावर लाल जातीला सहा काटे असतात, निळ्या जातीला चार. जपानमध्ये लाल जातीला ताराबागानी आणि निळ्या जातीला आबुरागानी म्हणतात. तिथे दोन्हींच्या किमतीत चांगलाच फरक असल्याने गिऱ्हाईकं हे काटे मोजूनच घेतात. निळ्याचं मांसही चांगलंच असतं. फक्त ते लाल म्हणून आणि लालच्या दराने विकलं जाऊ नये. प्रिबिलॉफजवळची त्याची मासेमारी १९९९ पासून बंद आहे.

सोनेरी किंग क्रॅब, लिथोडिस इक्विस्पिनस, अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या रांगेत, खोल पाण्यात राहतो. अंगाने लालपेक्षा लहान, काटे जास्त, कवच पातळ, शिजल्यावरचा रंग नारिंगीकडे झुकणारा. मांसाची चव सौम्य आणि लांबीच्या मानाने मांस कमी. पाय हलका लागला आणि रंग फिका नारिंगी दिसला तर तो बहुधा हाच. वाईट मुळीच नाही, लालपेक्षा स्वस्त मिळतो, आणि कोशिंबीर, सूप, भात अशा ठिकाणी हाच घ्यावा असं मी सुचवेन. तिथे लाल्याचा जाड पाय तुकडे करून वाया घालवण्यात अर्थ नाही. याहून खोल राहणारा शेंदरी किंग क्रॅब, लिथोडिस कुएसी, लहानखुरा असतो आणि बाजारात क्वचितच येतो.

दक्षिण गोलार्धात चिली आणि अर्जेंटिनाच्या टोकाला, पुंता अरेनास आणि उश्वायाच्या समुद्रात सेंतोया मिळतो, लिथोडिस सांतोया. तोही अस्सल लिथोडिडी, चवीला उत्तम, आकाराने लाल्यापेक्षा लहान. त्याच पाण्यात सेंतोयोन नावाचा आणखी लहान, खरबरीत कवचाचा नातेवाईक असतो, पॅरालोमिस ग्रॅन्युलोसा. सोललेलं मांस घेताना यातलं कुठलं हे विचारून घ्यावं.

आणि जपानच्या नेमुरो भागातला हानासाकी खेकडा, पॅरालिथोडिस ब्रेविपिस. पाय आखूड आणि जाड, काटे लांब आणि कडक, शिजल्यावर भडक लाल. याचा स्वाद सगळ्यात तीव्र असतो. त्याचे तुकडे करून मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाच्या, रश्श्यात उकळतात, त्या रश्श्याला तेप्पोजिरू म्हणतात. नाजूक चव आवडणाऱ्यांना तो जड वाटू शकतो.

कवच टाकणं: सगळ्याचं मूळ

भरलेला पाय आणि पोकळ पाय यांतला फरक इथून सुरू होतो. कवच वाढत नाही, म्हणून खेकडा ते टाकून नवं, मोठं कवच तयार करतो. जुन्यातून बाहेर पडताच तो पाणी शोषून फुगतो आणि त्या फुगलेल्या मापावर नवं कवच कडक होतं. म्हणजे घर मोठं झालं, पण माणसं तेवढीच. आतलं पाणी जाऊन तिथे मांस भरायला महिने लागतात. या काळात पकडलेला खेकडा वजनाला बरा भरतो आणि शिजवल्यावर त्यातलं पाणी निघून जातं. पायात उरतो तो लगदा.

लाल जातीची प्रौढ मादी दर वर्षी कवच टाकते, कारण नवं मऊ कवच असतानाच तिचं मीलन होऊ शकतं. नर तिला आधीपासून नांग्यांनी धरून ठेवतो. मग ती अंडी जवळपास वर्षभर पोटाखाली वागवते. ही अंडी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत असू शकतात. मोठा नर मात्र एखादं वर्ष, कधी दोन वर्षं कवच न टाकताच काढतो. अशा जुन्या कवचाच्या नराच्या पायांवर खालून तपकिरी-काळे ओरखडे पडलेले असतात, पाठीवर बार्नॅकल, म्हणजे कवचाला घट्ट बसणारे बारीक शंखासारखे प्राणी, चिकटलेले असतात. दिसायला तो गबाळा, पण पाय गच्च भरलेले. काचेसारखा चकचकीत, खालून पांढराधोप, एकही ओरखडा नसलेला पाय दिसला की बहुतेक लोक खूश होतात. तिथेच जरा थांबावं. नवं कवच पूर्ण कडक झालेलं असेल तर तो भरलेला असू शकतो. पण दोन बोटांत दाबल्यावर मांडीचं पेर जरासंही आत जात असेल, तर आत पाणी आहे असं समजा.

अलास्कात लाल किंग क्रॅबचा मोसम शरद ऋतूत ठेवण्यामागे हेच गणित आहे. कवच टाकणं आणि मीलन हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून वसंतापर्यंत चालतं. ऑक्टोबरपर्यंत कवच कडक आणि मांस भरलेलं असतं. ब्रिस्टॉल बेचा मोसम १५ ऑक्टोबरला सुरू होतो.

पकडायचे कसे

ब्रिस्टॉल बेमध्ये वापरतात तो पिंजरा म्हणजे लोखंडी सळयांची चौकट आणि त्यावर नायलॉनची जाळी. बाजू दोन ते सव्वादोन मीटर, उंची एक मीटरच्या आत, रिकाम्याचं वजन २७० ते ३५० किलो. इतका जड कशासाठी, तर बेरिंग समुद्राच्या लाटा आणि प्रवाह त्याला तळावरून हलवू शकू नयेत म्हणून. समोरासमोरच्या दोन बाजूंना आत उतरत जाणारे जाळीचे बोगदे असतात. खेकडा उतारावर चढून आत पडतो, आणि बोगद्याचं आतलं तोंड तळापासून उंचावर असल्याने त्याला परत सापडत नाही. मध्ये आमिष: भोकं असलेल्या डब्यात किंवा पिशवीत बारीक केलेला हेरिंग मासा, आणि शेजारी आख्खा किंवा अर्धा कॉड मासा टांगलेला. दोन्ही लागतात, कारण दोघांचं काम वेगळं. हेरिंगचं तेल आणि रस पाण्यात पसरून वास दूरवर नेतो. कॉड टिकतो आणि आत आलेल्याला गुंतवून ठेवतो. आमिष शिळं, बुळबुळीत झालं की पकड घटते, म्हणून प्रत्येक वेळी पिंजरा वर आला की ते बदलतात.

पिंजरे ओळीने सोडतात, प्रत्येकाला स्वतंत्र दोर आणि बोटीचा क्रमांक रंगवलेले बोये. दिवसभर ते दोन-तीन दिवस तळाशी ठेवून मग उचलतात. बोट बोयाजवळ आली की डेकवरचा माणूस दोराला बांधलेला आकडा फेकून बोयाचा दोर ओढून घेतो, तो हायड्रॉलिक चाकावर चढवतो, पिंजरा वर येतो, क्रेनने लाँचरवर, म्हणजे डेकच्या कडेच्या कलत्या चौकटीवर, बसतो, दार उघडून खेकडे वर्गवारीच्या टेबलावर ओततात. सोनेरी जातीसाठी पद्धत वेगळी. तिथे पाणी इतकं खोल, तळ इतका खडकाळ आणि प्रवाह इतका जोराचा की प्रत्येक पिंजऱ्याला वेगळा दोर परवडत नाही. एकाच लांब दोरावर अनेक पिंजरे बांधून माळ सोडतात.

पिंजऱ्यात दोन बारीक गोष्टी असतात ज्यांना मी फार मानतो. एक म्हणजे बाजूच्या जाळीचा काही भाग मोठ्या भोकांचा ठेवलेला असतो, म्हणजे माद्या आणि लहान नर तळाशीच बाहेर पडतात. दुसरी, जाळीत निदान अठरा इंचांची एक फट असते आणि ती साध्या, कुठलंही रसायन न लावलेल्या शंभर टक्के सुती दोऱ्याने शिवलेली असते. बोया तुटून पिंजरा हरवला तर नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही. आत अडकलेले खेकडे मरतात, त्यांच्या वासाने नवे येतात आणि तेही मरतात. सुती दोरा समुद्रात कुजतो, फट उघडते आणि हे चक्र थांबतं. अलास्कात हा कायदाच आहे.

टेबलावर नियम तीन: नर हवा, ठरलेल्या मापाचा हवा, मोसमातला हवा. नर ओळखायला खेकडा उलटा करायचा. पोटाखालची झडप अरुंद आणि त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. ब्रिस्टॉल बेत लाल नराच्या पाठीची रुंदी काट्यांसकट निदान साडेसहा इंच भरावी लागते. अल्यूशियनच्या सोनेरीला सहा इंच. डेकवरच्या लोकांच्या हातात त्या मापाची पट्टी असते, डोळ्याने अंदाज करत नाहीत. लाल नराला या मापाला पोचायला सात ते नऊ वर्षं लागतात, आणि तोवर त्याला प्रजननाची संधी मिळालेली असते. सगळं माप त्यासाठीच आहे.

चूक बहुतेक परत टाकताना होते. गोठवणाऱ्या वाऱ्यात खेकडा टेबलावर जास्त वेळ राहिला तर डोळे आणि कल्ले गारठतात, आणि पाण्यात गेल्यावरही तो वाचेलच असं नाही. उंचावरून फेकला तर पेंदा, म्हणजे मधलं धड, तडकतो. पाय धरून उचलला तर तो पाय सोडून देतो. पाय परत उगवतो, पण अनेक वेळा कवच टाकल्यावर हळूहळू, आणि तोवर त्याची ताकद त्यातच जाते. म्हणून परत जाणारे खेकडे आधी हातावेगळे करायचे, दोन्ही बाजूंनी पेंदा धरून घसरपट्टीवरून सोडायचे. पकडलेले मागून मोजता येतात.

ठेवलेले नर बोटीच्या पोटातल्या टाकीत जातात. तिथे समुद्राचं पाणी सतत खेळतं ठेवावं लागतं. किंग क्रॅब मेला की त्याच्या पोटातले पाचक रस लगेच स्वतःच्याच मांसावर काम सुरू करतात, आणि मांस पिठासारखं भुसभुशीत होतं. मेलेले खेकडे टाकीतलं पाणी बिघडवून शेजारच्यांनाही मारतात. पंप बंद पडला, टाकी नको तितकी भरली किंवा नदीच्या तोंडाशी गोडं पाणी आत आलं, तर काही तासांत आख्खा माल जाऊ शकतो. मेलेला खेकडा कारखाना घेत नाही आणि घेऊही नये.

धोक्याबद्दल एवढंच सांगतो की डेकवर उंच रचलेल्या पिंजऱ्यांवर लाटांचे फवारे गोठत जातात, बोटीचं वरचं वजन वाढतं आणि ती कलंडते. हातोड्यांनी बर्फ फोडत राहणं हा तिथे कामाचाच भाग आहे. २००५ पर्यंत सगळ्यांसाठी एकच कोटा असे. कोटा संपेपर्यंत जो जितकं पकडेल तितकं त्याचं. अडीचशेच्या आसपास बोटी वादळ असो नसो, दिवसरात्र जागून मोजक्या दिवसांत मोसम संपवत. २००५ मध्ये प्रत्येकाचा हिस्सा ठरवून दिला आणि लाल किंग क्रॅबच्या बोटी नव्वदच्या आसपास आल्या. कामं गेलेल्यांचं नुकसान खरं आहे. पण हवा वाईट असेल तर बंदरात थांबता येणं, पिंजरे जास्त वेळ तळाशी ठेवता येणं आणि त्यातून लहानांना निसटू देणं, हे सगळं त्यानंतरच शक्य झालं.

एवढं करूनही संख्या टिकलेली नाही. १९८० मध्ये ब्रिस्टॉल बेतून सुमारे १३ कोटी पौंड, म्हणजे जवळपास ५९ हजार टन लाल किंग क्रॅब निघाला. तीन वर्षांत साठा इतका कोसळला की १९८३ ला मासेमारी बंद ठेवावी लागली. कोडियाक बेटाजवळची तेव्हा बंद झाली ती आजही बंद आहे. ब्रिस्टॉल बे २०२१ आणि २०२२ च्या मोसमांत पुन्हा बंद राहिला, कारण प्रौढ माद्यांची संख्या नियमात ठरवलेल्या किमान आकड्याखाली गेली होती. २०२३ ला उघडला तेव्हा कोटा साडेएकवीस लाख पौंडांचा, हजार टनांच्याही आत.

नॉर्वेचं प्रकरण उलटं आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातले लाल किंग क्रॅब आणून मुर्मान्स्कजवळ बॅरेंट्स समुद्रात सोडले, उत्पन्न वाढावं म्हणून. ते पसरत पश्चिमेला गेले आणि १९७० च्या दशकात नॉर्वेच्या वारांगेर फ्योर्डपर्यंत, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीपर्यंत, पोचले. तळावरचे शिंपले, तारामासे, किडे असं सगळं ते खातात, त्यामुळे ते जिथे दाटीने राहतात तिथला तळ ओकाबोका होतो. नॉर्वेने २००२ मध्ये व्यापारी मासेमारी सुरू केली आणि दुहेरी धोरण ठेवलं. २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला कोटा आणि माप, म्हणजे धंदा टिकावा. पश्चिमेला कोट्याशिवाय मासेमारी, म्हणजे पसरणं थांबावं. तिथल्या बोटी लहान, पिंजरे घडी होणारे आणि हलके, कारण फ्योर्डमध्ये बेरिंगसारखा समुद्र नसतो. बराचसा माल जिवंतच विमानाने परदेशी जातो, आणि जिवंत, भरलेला किंग क्रॅब हवा असेल तर आज जगभरच्या हॉटेलांच्या टाक्यांत नॉर्वेचाच दिसण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात साधी पद्धत अलास्कातल्या नोम गावाच्या किनाऱ्यावर दिसते. हिवाळ्यात नॉर्टन साउंडचा समुद्र गोठतो आणि खेकडे किनाऱ्याजवळ बर्फाखाली येतात. लोक बर्फात मोठं भोक पाडून लहान पिंजरा हाताने खाली सोडतात. भोक पुन्हा गोठू नये म्हणून त्यावर फळी आणि बर्फाचा भुगा टाकून झाकून ठेवतात.

कारखान्यात काय होतं

जिवंत खेकडा बोथट पात्यावर दाबून दोन भाग करतात, पाठ, कल्ले आणि आतडी काढून टाकतात. उरलेले दोन क्लस्टर उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवतात, थंड पाण्यात गार करतात आणि मग गोठवतात. तुम्ही घेता तो गोठलेला पाय असा आधीच शिजलेला असतो. हे वाक्य लक्षात राहिलं तर पाय वाया जायची निम्मी शक्यता संपली.

गोठवायच्या पद्धती दोन. मिठाच्या अतिथंड द्रावणात बुडवून, किंवा गार हवेच्या झोतात. द्रावणाने पाय झपाट्याने गोठतो आणि मांस छान राहतं, पण मीठ आत शिरतं. असा पाय पुन्हा मिठाच्या पाण्यात उकळला की खाववत नाही. गोठल्यावर त्यावर पाण्याचा पातळ थर चढवतात, मांस सुकू नये म्हणून. थर जाड असेल तर तुम्ही बर्फाचे पैसे देता, तेव्हा वजन बर्फासकट आहे की वगळून, हे विचारा. सांध्यांजवळ काळे डाग दिसले तर गार करण्यात किंवा साठवण्यात हयगय झालेली आहे. मांसाला निळसर छटा आली असेल तर ती खेकड्याच्या रक्तातल्या तांब्याची. रक्त नीट निथळलं नाही की येते. अमोनियाचा वास आला तर मात्र काहीही विचार न करता टाकून द्या.

पेटीवरचे आकडेही समजून घ्या. ६/९ म्हणजे दहा पौंडांच्या, साडेचार किलोच्या पेटीत सहा ते नऊ पाय, एकेक पाय अर्धा किलो किंवा त्याहून जास्त. १६/२० म्हणजे पाव किलोच्या आसपासचा पाय. आकडा जितका लहान तितका पाय मोठा. माणशी कवचासकट अर्धा ते पाऊण किलो धरा. आख्ख्या जिवंत खेकड्यातून साधारण चौथा हिस्साच मांस निघतं, हेही खरेदीच्या वेळी विसरू नका.

शिजवणं आणि खाणं

गोठलेला पाय आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, जाळीवर ठेवून, खाली ताट देऊन सुटू द्या. बारा ते चोवीस तास लागतात. बाहेर ओट्यावर ठेवला तर वरचं मांस बिघडायला लागतं तेव्हा सांध्यात अजून बर्फ असतो. फारच घाई असेल तर घट्ट बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा. सुटल्यावर दोन दिवसांत संपवा आणि पुन्हा गोठवू नका. तंतूंमधलं पाणी बाहेर येऊन मांस कापसासारखं होतं.

गरम करायची सगळ्यात चांगली रीत वाफेची. भांड्यात बोटभर पाणी, वर जाळी, पाणी खळखळ उकळल्यावरच पाय ठेवायचे, झाकण लावायचं आणि पाच ते सात मिनिटांत उतरवायचं. मांडीचं पेर फार जाड असेल तर आणखी एक-दोन मिनिटं. दहाच्या पुढे गेलात की मांस आकसून कवचाला चिकटतं आणि ओढल्यावर दोऱ्यासारखं तुटतं. पाण्यात उकळणं मी टाळायला सांगेन. तुटलेल्या टोकातून पाणी आत जातं आणि गोडवा बाहेर. ओव्हनमध्ये करायचं तर फॉइलमध्ये चमचाभर पाण्यासकट गुंडाळून १८० अंशांवर दहा मिनिटं. निखाऱ्यावर भाजणार असाल तर आधी कवचाची वरची पट्टी कापून काढा, मांसाला लोणी लावा आणि कवचाची बाजू खाली ठेवून चार-पाच मिनिटांत उतरवा. धुराचा वास लागतो तो या उघड्या बाजूने.

जिवंत खेकडा असेल तर आख्खा उकळायचा नाद सोडा. तेवढं मोठं भांडं घरी नसतं, आणि आतडी तशीच राहून मांसाला कडवटपणा येतो. मजबूत हातमोजे घाला, कारण काटे खोल टोचतात. खेकडा पाठीवर उलटा ठेवून जाड सुरी पोटाच्या मधल्या रेषेवर ठोकून एका झटक्यात त्याचे दोन भाग करा. मज्जारज्जूचा मुख्य भाग तिथेच असल्याने तो लगेच मरतो. मग पाठ सोडवा, राखाडी कल्ले आणि आतडी काढा, रक्त गार पाण्याखाली धुऊन टाका. लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेल्या, खळखळ उकळत्या पाण्यात क्लस्टर बुडवा, पाणी पुन्हा उकळल्यापासून बारा ते पंधरा मिनिटं. पाणी कमी घेतलं तर खेकडा टाकताच ते थंड पडतं आणि परत उकळेपर्यंत मांस भिजत राहतं. म्हणून किलोला निदान चार लिटर. काढल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, मांस कवचापासून सुटतं. किंग क्रॅबच्या पेंद्यातलं पिवळट पातळ द्रव काही लोक मोठ्या आशेने ठेवतात. इतर खेकड्यांसारखं ते घट्ट आणि चवदार नसतं, लवकर नासतं. जपानमध्येही ताराबागानीचं ते सहसा खात नाहीत.

सोलायला हातोडा नको. आधी पाय सांध्यावर उलट दिशेने मोडा आणि हळू ओढा, म्हणजे मांसाच्या आतली पांढरी चिवट पट्टी अख्खी निघून येते. ती राहिली तर प्रत्येक घासाला दातात येते. मग स्वयंपाकघरातली कात्री पायाच्या खालच्या, फिकट बाजूने चालवा. तिथे काटे कमी आणि कवच मऊ असतं. मांडीचं पेर सगळ्यात मोठं, त्याचं मांस एका तुकड्यात निघावं. नांगीचं मांस जास्त घट्ट आणि बारीक तंतूंचं. पायाच्या मुळाशी, जिथे तो पेंद्याला जोडलेला होता, तिथे पडद्यांच्या कप्प्यांत सगळ्यात गोड मांस दडलेलं असतं. लोक बहुधा तेच टाकून देतात. कप्पे उभे कापा आणि काट्याच्या टोकाने काढा.

सोबत काय घ्यायचं? माझा आग्रह असा की मांडीच्या मांसाला फक्त गरम, निवळ केलेलं लोणी आणि लिंबू. साधं वितळवलेलं लोणी चालतं, पण त्यातलं पाणी आणि तळाचा साका मांसाला चिकटतो. मंद आचेवर वितळवून वरचं सोनेरी लोणी अलगद ओतून घेतलं की फरक कळतो. नॉर्वेत पांढरा पाव, मेयोनीज आणि लिंबू घेतात, मांस गारच असतं, आणि तेही अतिशय छान लागतं. होक्काइदोत कोळशावर भाजून किंवा भाज्यांबरोबर रश्श्यात शिजवून खातात. चिलीत सेंतोयाचा चुपे करतात: दुधात भिजवलेला पाव, परतलेला कांदा, मांस, वरून चीज, आणि मातीच्या भांड्यात भाजून. चुपेसाठी तुटकं, सोललेलं मांस वापरा. पाव आणि चीज आधी शिजवून घ्या, मांस शेवटी मिसळा, आणि वरचं चीज तांबूस झालं की लगेच बाहेर काढा.

रिकामी कवचं टाकू नका. ठेचून, थोड्या लोण्यात परतून, बुडतील एवढं पाणी घालून वीस ते तीस मिनिटं मंद उकळा. त्याहून जास्त उकळलं तर रस्सा कडू आणि खडूसारखा होतो. गाळून घ्यायचा तो मात्र बारीक कापडातून, कारण तुटलेल्या काट्यांची टोकं जाळीच्या गाळणीतून निसटतात.